शाळेतला साधा मंगळवार घरी कळू द्या

वसई

प्रति,
वसई धर्मप्रांताचे बिशप महोदय यांस,



धर्मप्रांताच्या प्रत्येक प्राथमिक शाळेने दर शुक्रवारी एक पान मराठीत लिहून मुलांच्या घरी पाठवावं, आणि त्या आठवड्यात वर्गात, परिपाठात, मैदानावर, डबा खाताना काय घडलं ते त्या पानावर असावं, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आपल्याला प्रत्यक्ष भेटूनही हे सांगता आलं असतं. पण ज्या पालकांसाठी मी हे मागते आहे, त्यांतले कितीतरी जण रविवारी मिस्साला येणारे नाहीत. काही वारली पाड्यांवरचे आहेत, काही नालासोपाऱ्याच्या चाळींतले. त्यांच्याविषयीचं मागणं त्यांनाही वाचता यावं, म्हणून हे पत्र उघड आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. धर्मग्रामाच्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आता माझा नातू इथल्याच एका कॅथलिक इंग्रजी शाळेत दुसरीत आहे आणि दुपारी फाटकाशी उभं राहून त्याला घरी आणणं हे माझं काम आहे. फाटकाच्या आतली बाजू मला पाठ आहे. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर मात्र लक्षात आलं, की आतलं जवळजवळ काहीच बाहेर पोहोचत नाही.

शाळा काहीच कळवत नाही, असं मी म्हणणार नाही. फोन दिवसभर वाजतच असतो. फी भरण्याची शेवटची तारीख, गणवेशाचं दुकान, घटक चाचणीचं वेळापत्रक, आधार कार्डाची झेरॉक्स, स्नेहसंमेलनाला कोणत्या रंगाचा पोशाख, उद्या सुट्टी. बहुतेक सगळं इंग्रजीत, आणि ग्रुपवर फक्त शाळेलाच लिहिता येतं. नीट पाहिलं तर यातला प्रत्येक निरोप घराकडून काहीतरी मागणारा आहे: पैसे, कागद, सही, वेळेवर हजेरी. त्या घरचं मूल दिवसाचे पाच-सहा तास जिथे काढतं, तिथे त्या तासांत काय होतं हे सांगणारा निरोप त्यात शोधूनही सापडत नाही. समारंभ कळतात. गॅदरिंग कळतं, खेळाचा दिवस कळतो, नाताळचा कार्यक्रम कळतो. वर्षातले ते आठ-दहा दिवस सोडून उरलेले सगळे मंगळवार-बुधवार घराला ठाऊकच नसतात, आणि मूल घडतं ते त्याच मंगळवार-बुधवारांत.

आपल्या भागातली घरं कशी आहेत हे आपण जाणता. तरी या संदर्भात पुन्हा मांडते. आई पहाटेची विरार लोकल पकडून चर्चगेटला किंवा अंधेरीला नोकरीला जाते. काही घरांतली बाई फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारात असते. बाबा बोटीवर, नाहीतर आखातात. शाळेतून आलेल्या मुलाला भेटते ती आजी किंवा आजोबा. घरात कादोडी बोलली जाते, वाडवळी बोलली जाते; पूर्वेकडे गेलं तर वारली, आणि स्टेशनच्या आसपासच्या नव्या वस्त्यांत भोजपुरी, गुजराती. मुलाला दुपारी विचारणारं जे माणूस घरी असतं, त्याच्या हाती शाळेचा इंग्रजी निरोप आला तरी तो त्याच्यासाठी नसतोच. तो रात्री आठला दमून उतरणाऱ्या आईसाठी असतो, आणि तिच्याकडे तेवढ्यापुरता सही करण्याइतका वेळ असतो.

एका मराठी-कॅथलिक आजींना मी फाटकाशी नेहमी भेटते. नात पहिलीत. मुलगी घरी येऊन सारखं 'सिस्टर रागावल्या' म्हणत होती. आजींनी विचारायला म्हणून कचेरीच्या खिडकीशी जाऊन पाहिलं. त्यांना सांगण्यात आलं, सर्क्युलर वाचत जा, त्यात सगळं असतं. शाळेचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण हे कोणत्याही शाळेत घडू शकलं असतं. पुढे कळलं ते असं: सिस्टर कुणावर रागावल्याच नव्हत्या. वर्गात गोष्ट सांगताना त्यांनी एका रागीट म्हातारीचं सोंग केलं होतं आणि मुलीला ते फार आवडलं होतं. ती घरी तेच पुन्हा पुन्हा सांगू पाहत होती. आजी मात्र काळजीत राहिल्या. 'या आठवड्यात आम्ही म्हातारीची गोष्ट केली, सिस्टर म्हातारी झाल्या होत्या' एवढी एक ओळ घरी आली असती, तर त्या आजींनी नातीला ते सोंग करून दाखवायला सांगितलं असतं.

'आज शाळेत काय केलं?' असं विचारल्यावर सहा वर्षांचं मूल 'काही नाही' म्हणतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. ते खोटं बोलत नसतं. एवढा मोठा दिवस एका प्रश्नात मावत नाही, आणि कुठून सुरुवात करावी हे त्याला कळत नाही. पण 'दहा काड्यांची जुडी आज कोणी बांधली?' असं विचारा. मग ऐकत बसावं लागतं. जुडीला रबर कुणी लावलं, ते तुटून कुणाच्या गालाला लागलं, अकरा लिहिताना सुट्टी काडी कुठे ठेवायची, बाईंनी फळ्यावर चुकून काय लिहिलं आणि ते कुणाला आधी दिसलं, सगळं येतं. पण हा प्रश्न विचारायला घराला आधी जुडीविषयी ठाऊक हवं. मुलाची भाषा वाढते ती अशा बोलण्यातून, आणि हे बोलणं घरीच व्हायला हवं, घरच्या बोलीत. वर्गात पंचेचाळीस मुलं असताना एका मुलाच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

त्या एका पानात काय असावं, हे मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा मला मोठं काही दिसत नाही. पहिलीच्या मुलांनी या आठवड्यात 'ळ' गिरवला. कमळ, केळं, शाळा असे शब्द शोधले, आणि एका मुलीने वाडीतल्या राजेळी केळ्याचं नाव सांगितलं. दुसरीच्या मुलांनी शाळेच्या पायऱ्यांची उंची वितींनी मोजली, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, मग पट्टी का लागते यावर बोलणं झालं. तिसरीच्या मुलांनी आपापल्या घरी पाणी विहिरीचं की नळाचं, आणि नळाला ते किती वाजता येतं, हे विचारून आणलं. चौथीला गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट सांगितली: वसईत जन्मलेला हा माणूस जपानपर्यंत कसा गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर कसा मारला गेला, आणि १८६२ मध्ये संत म्हणून कसा जाहीर झाला. मुलांनी पृथ्वीच्या गोलावर वसई ते नागासाकी दोरा धरून पाहिला. बुधवारी खिचडीत वाटाणे कमी शिजले होते, मुलांनी तक्रार केली, स्वयंपाकाच्या ताईंना सांगितलं आहे. शुक्रवारी पावसामुळे मैदानावर जाता आलं नाही, वर्गातच लंगडी झाली. दुसरी ब च्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जात आहेत, त्यांच्या जागी येणाऱ्या बाई सोमवारपासून येतील. पुढच्या आठवड्यात मुलांना एक रिकामी काड्यापेटी लागेल.

बस. हे वाचायला तीन मिनिटं लागतात. ते वाचून दाखवायला शेजारचा पाचवीतला मुलगाही चालतो.

पानावर परिपाठाविषयी जे लिहायचं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि तिथे थोडं थांबते. आपल्या शाळांत ख्रिस्ती मुलांबरोबर हिंदू, मुस्लीम, आदिवासी मुलं शिकतात. अनेक वर्गांत तीच जास्त असतात. सकाळी राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. त्याबरोबर आपली प्रार्थनाही होते. काही तासांना ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. यात लपवण्यासारखं काहीही नाही. पण ते कधी कुणी घरी लिहून सांगतं का? पाड्यावरच्या आईला ठाऊक असतं का, की तिच्या मुलाला सकाळी कोणती प्रार्थना म्हणायला लावतात, डोळे मिटायला सांगतात की नाही, नाताळच्या नाटकात तो मेंढपाळ झाला तर त्याचा अर्थ काय? संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल लहान असेल तर ती संमती पालकाची लागते. पण जे घरी माहीतच नाही, त्याला संमती कशी देणार? प्रवेशाच्या छापील अर्जावर जूनमध्ये केलेली सही ही संमती नव्हे.

आणि सध्याचे दिवस आपण पाहताच. ख्रिस्ती शाळेत काय चालतं याविषयी कुणीही काहीही बोलतं, आणि ज्यांना ठाऊक नाही ते विश्वास ठेवतात. अफवेला उत्तर म्हणून नंतर काढलेलं निवेदन लंगडं पडतं. पण दर शुक्रवारी दोन वर्षं ज्या घरी साधं पान आलेलं आहे, 'या आठवड्यात परिपाठात अमुक प्रार्थना झाली, बोधकथा ससा-कासवाची होती, दिवाळीनिमित्त चौथीच्या मुलांनी किल्ला केला, ईदला वर्गात शीरखुर्म्याविषयी बोललो' असं ज्या घराने वाचलेलं आहे, त्या घरातली आई अफवा ऐकून स्वतःच म्हणेल, नाही हो, मला माहीत आहे तिथे काय चालतं. तिच्या त्या एका वाक्यापुढे आपली निवेदनं कमी आहेत.

आता वाईट बातमीविषयी. या पानावर सगळं गोडगोड येऊ लागलं तर ते तीन महिन्यांत रद्दीत जाईल, कारण माणसं गोड कागद ओळखतात. मुलं पडतात, भांडतात, एखाद्याला कावीळ होते, एखाद्या वर्गात उवा होतात, स्वच्छतागृहाचं पाणी बंद पडतं. हे घराला त्याच दिवशी कळायला हवं, मुलाचं नाव न घेता, आणि शुक्रवारच्या पानावर त्याचं काय केलं ते यायला हवं. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, आणि वसई-विरारच्या कितीतरी आया मुंबईत अडकल्या. अशा दिवशी मूल शाळेत कुणाजवळ आहे, त्याने काही खाल्लं का, त्याला कोण घरी नेणार, हे कळवण्याची रीत आधीपासून घालून ठेवलेली असावी लागते. पाऊस दरवर्षी येतो.

त्याहून गंभीर गोष्ट बदलापूरची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि पालक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्या रागात, शाळेने आपल्याला वेळेवर सांगितलं नाही, हाही राग होता. राज्य सरकारने २०२२ मध्येच प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. आपल्या शाळांत त्या समितीवर कोण आहे, त्यांचा फोन नंबर काय, लहान मुलांना शौचालयात कोण नेतं, शाळेच्या गाडीत बाई असतात का, हे जूनमधल्या पहिल्या पानावर यावं आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा यावं. बिशप महोदय, जगभर आपल्या ख्रिस्तसभेने मुलांच्या बाबतीत जे मौन पाळलं, त्याची किंमत मुलांनी मोजली आहे. म्हणून आपल्या शाळांवर इतरांपेक्षा अधिक बोलण्याची जबाबदारी आहे असं मी मानते.

भाषेविषयी मला फार समजवावं लागेल असं वाटत नाही, तरी लिहिते. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' लिहून छापलं ते मराठीत, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना त्यांच्या भाषेत काही हवं होतं. वसईत आज मिस्सा मराठीत होते, गायन मराठीत होतं, 'सुवार्ता' मराठीत निघतं. 'सुवार्ता'चे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा इथल्या घराघरांत आनंद झाला होता. देवाशी मराठीत बोलणारी ही माणसं आहेत. त्यांच्या नातवाने आज दुपारी डबा का खाल्ला नाही, हे त्यांना इंग्रजीत कळवण्याचं कारण मला सापडत नाही. शाळेचं माध्यम इंग्रजी असलं तरी घराचं माध्यम ते नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलं आहे. म्हणजे प्रत्येक इंग्रजी शाळेतही मराठीच्या बाई आहेत. लिहायला माणूस नाही ही सबब उरत नाही. जिथे हिंदी बोलणारी घरं जास्त आहेत तिथे पानाची मागची बाजू हिंदीत असावी. आणि ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तेच पान बाईंनी फोनवर दोन मिनिटांत वाचून पाठवावं. बाईंचा आवाज घरात ऐकू आला की मुलं कशी धावत येतात, हे पाहण्यासारखं असतं.

आपल्या मराठी शाळांविषयी मात्र जरा कळकळीने सांगते. त्यांचे पट घटताहेत. जूनच्या आधी पटनोंदणीसाठी आम्ही शिक्षिका वाड्या-पाड्यांवर फिरायचो, घराघरांत बसायचो, तेव्हा पालक तोंडावर सांगायचे, 'बाई, शाळा चांगली असेल, पण आम्हाला काय कळतं आत काय शिकवतात?' इंग्रजी शाळेचा फलक मोठा असतो, बस पिवळी असते, कार्यक्रमाचे फोटो चौकात लागतात. मराठी शाळेत शिक्षिका काड्या-मण्यांनी दशक शिकवते, बोलीतून प्रमाण मराठीत मुलाला हळूच आणते, कादोडीत रडणाऱ्या मुलाला कादोडीतच समजावते. हे काम फोटोत दिसत नाही. ते फक्त सांगूनच कळतं. शेजारच्या घरात ते पान दर आठवड्याला येत असेल, आणि चहाच्या वेळी कुणी ते उचलून वाचत असेल, तर पुढच्या जूनमध्ये बाईंना दारोदार कमी हिंडावं लागेल. मराठी शाळा वाचवण्याचे ठराव मी पुष्कळ ऐकले. त्यांत पालकाला रोजचा वर्ग दाखवण्याचा ठराव एकदाही ऐकला नाही.

गेल्या वर्षाचीच गोष्ट घ्या, म्हणजे २०२५ ची. पहिलीपासून हिंदी येणार, मग सक्ती नाही, मग पुन्हा नवा आदेश, मग जूनच्या अखेरीस आदेश मागे, हे सगळं पालकांनी टीव्हीच्या वाहिन्यांवर पाहिलं. आपल्या पोराच्या वर्गात सोमवारपासून नेमकं काय शिकवणार, हे त्यांना वाहिन्यांवरच्या भांडणातून काढून घ्यावं लागलं. शाळेच्या चार ओळींनी ते घर शांत झालं असतं.

शिक्षिकांवर आणखी एक ओझं, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. आजच्या बाईंचा निम्मा जीव पोर्टलवर माहिती भरण्यात जातो. हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराचे आकडे ऑनलाइन, विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन, वर निवडणुकीचं काम. त्यांच्या माथी हे पान तसंच मारू नका. एका वर्गाला पानावर पाच-सहा ओळी पुरतात, आणि त्या बाईंनी एकटीने लिहिण्याची गरज नाही. चौथीची मुलं लिहू शकतात. आठवड्याला चार मुलांची पाळी लावली तर वर्षभरात वर्गातलं प्रत्येक मूल एकदा तरी घराघरांत वाचलं जाईल. त्यांनी लिहिलेलं शुद्धलेखन सुधारून, पण वाक्य न बदलता छापावं. मुलांच्या वाक्यांत जी नजर असते, ती आपल्या कुणाच्याही वाक्यात नसते.

आणि त्या बदल्यात शिक्षिकांचं एक काम कमी करा: फोटोंचं. कोणत्याही उपक्रमाचे वीस-पंचवीस फोटो काढायचे, निवडायचे, ग्रुपवर टाकायचे, कोलाज करायचं, यात वर्ग थांबतो. मुलं फोटोसाठी हात वर करून बसतात आणि बाई भ्रमणध्वनी धरून उभ्या असतात. शिवाय लहान मुलांचे चेहरे गावभर फिरवण्यात धोका आहे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानेही मुलांची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. फोटोत मूल कॅमेऱ्याकडे पाहतं. चार ओळींत ते काय करत होतं ते कळतं. मला ओळी हव्यात.

एक गोष्ट उलट दिशेची. पान घरी जातं तसं घरूनही काही यायला हवं. पानाच्या खाली दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि त्या कापून मुलाच्या हाती परत पाठवता याव्यात. घरात आजोबा वारले, बाळ जन्मलं, बाबा बोटीवर गेले, मुलाला रात्री झोप लागत नाही, हे बाईंना ठाऊक असलं तर वर्गातलं त्याचं गप्प बसणं बाईंना समजतं. पाड्यावरच्या आईला लिहिता येत नसेल तर तिने फाटकाशी येऊन सांगावं, आणि तिला आत बोलवावं. ती आजही फाटकाबाहेरच उभी राहते, कारण आत यायला चालतं की नाही हे तिला कुणी कधी सांगितलेलं नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास वर्ग उघडा ठेवावा, पालकाने मागच्या बाकावर येऊन बसावं, कुणी भाषण करू नये. अशा वेळी मी शिकवत असताना मागे बसलेल्या आया मुलांबरोबर ओठ हलवत बाराखडी म्हणायच्या, हे मी पाहिलं आहे.

हे आपल्यालाच का लिहिते, तेही सांगते. कायदा हे करून घेणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, पण प्रमती खटल्यातल्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. राज्याचा २०११ चा शुल्क कायदा पालक-शिक्षक संघ नेमायला लावतो, पण तो फीच्या प्रश्नासाठी आहे. आपल्या शाळा आपण चालवण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला आहे, आणि तो राहायलाच हवा, असं माझं मत आहे. पण सरकारने मागितल्याशिवाय आम्ही पालकांना काही सांगणार नाही, असा त्या हक्काचा अर्थ होऊ नये.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ७९६ शिक्षकांना सांगतं की पालकांशी जवळून सहकार्य करा, त्यांचं मनापासून ऐका, त्यांच्या सभा भरवा आणि त्या सभांना मान द्या. आणि कलम ८०६ धर्मप्रांताच्या बिशपांना आपल्या प्रांतातल्या सगळ्या कॅथलिक शाळांवर लक्ष ठेवण्याचा, त्यांना भेटी देण्याचा अधिकार देतं, धर्मभगिनींच्या संस्था चालवतात त्या शाळांनाही. म्हणजे धर्मग्रामाची शाळा असो की एखाद्या संस्थेची, हे पान सुरू करा असं सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. शाळेच्या व्यवस्थापकपदी असलेल्या फादरांना आणि मुख्याध्यापिका सिस्टरांना आपलं एक परिपत्रक पुरेल.

मुख्य शिक्षक जर आईवडील असतील, तर त्यांना वर्गात काय चाललं आहे हे न सांगता आपण त्यांच्या वतीने शिकवत आहोत, असं म्हणता येत नाही. या एका मुद्द्यावर मी वर्षानुवर्षं विचार केला आहे आणि दरवेळी याच ठिकाणी येते.

मला यात कोणतीही मोठी योजना नको. समिती नको, उद्घाटन नको, पानाला इंग्रजी नाव नको, वरच्या कोपऱ्यात कुणाचा फोटो नको. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्या आधी मे महिन्यात मुख्याध्यापकांची सभा बोलवावी, आणि त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात: पहिल्या शुक्रवारपासून पान निघालं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. आधी दोन-चार शाळांत करून पाहू, अशी सूचना कुणी करील. ती नाकारावी, कारण दोन-चार शाळांत सुरू झालेल्या चांगल्या गोष्टी तिथेच राहतात, हा माझा अनुभव आहे. कागदाचा खर्च निघेल. धर्मग्रामातली माणसं चर्चच्या कौलांसाठी देतात, ती यासाठीही देतील. काही शाळांत हे पहिल्या महिन्यात वाईट निघेल, चुका असतील, उशीर होईल. तरी चालू ठेवावं.

आणि वर्षभरात आपण शाळांना भेट द्याल, तेव्हा मुलं रांगेत उभी असतील, बँड वाजेल, स्वागतगीत होईल. त्या गडबडीत मुख्याध्यापिका सिस्टरांकडे एकच वस्तू मागावी: गेल्या शुक्रवारचं पान. मग फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाही आजीला विचारावं, हे तुमच्या घरी आलं होतं का, आणि नातवाने त्यातलं काय सांगितलं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका